आधी पाऊस, मग धर्म

चेन्नईतल्या वळ्ळुवर कोट्टममध्ये ‘तिरुक्कुरळ’ या तमिळ नीतिग्रंथाच्या १३३० द्विपदी दगडात कोरल्या आहेत. साने गुरुजींनी हा ग्रंथ मराठीत आणला, तरी आपल्याकडे तो फारसा वाचला जात नाही. मला त्याच्या अध्यायांचा क्रम फार आवडतो. पहिला अध्याय देवस्तुतीचा आणि लगेच दुसरा पावसाचा. संन्यासी येतात तिसऱ्यात, सदाचाराचा नंबर चौथा. पाऊस आटला तर दानही थांबेल आणि तपही, असं ग्रंथकर्ते वळ्ळुवर बजावतात. आपल्या ‘आधी पोटोबा, मग विठोबा’चाच हा तमिळ हिशेब.

मग ज्याचं पोट हातावर आहे, त्याला नीती नसते का? भरपूर असते. डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईत अड्यार नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा कोळ्यांनी होड्या थेट शहराच्या रस्त्यांवर आणल्या आणि अनोळखी माणसं बाहेर काढली. २००४च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांची घरं गेली होती.

पण पूर ओसरतो, टंचाई महिनोन् महिने छळते. २०१९च्या उन्हाळ्यात चेन्नईचे मोठे जलाशय कोरडे पडले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. टँकरपुढे घागरींची रांग लागली, की शेजारधर्माची रोज परीक्षा होते. लातूरकरांना हे सांगायला नको. २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी येण्याआधी तिथे पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. लातूरची माणसं वाईट नव्हती, पाणी नव्हतं.

म्हणून ‘मुंबई स्पिरिट’ काय किंवा चेन्नईची माणुसकी काय, त्यांचे गोडवे ऐकले की मला धास्ती वाटते. त्या कौतुकात कारभाऱ्यांची जबाबदारी अलगद वाहून जाते. २०१५च्या पुरात चेंबरमबाक्कम तलावातून पाणी कसं सोडलं गेलं, यावर पुढे ‘कॅग’नेच ठपका ठेवला.

मुलांना सदाचाराचे धडे जरूर द्यावेत. पण चेन्नईतली पळ्ळिकरणैची पाणथळ बुजवून इमले उठवणं ही अनीती आहे, हेही त्यांना सांगावं. तमिळनाडूने २००३ साली इमारतींना पावसाचं पाणी साठवणं, जिरवणं सक्तीचं केलं, तो माझ्या लेखी नीतीचाच निर्णय होता. तुमच्या सोसायटीतला पाणी जिरवण्याचा खड्डा गाळाने भरलेला नाही ना, हे येत्या सभेत तेवढं विचारा.