विश्लेषण : दुखणे गुडघ्याचे, मग मुलाच्या हृदयाची तपासणी कशासाठी?

सकाळी लंगडणारे मूल दुपारी खेळू लागते आणि ‘वाढीचे दुखणे’ म्हणून घरात विषय संपतो. सांध्याची सूज मात्र आठवडेच्या आठवडे राहिली, तर तो बालसंधिवात असू शकतो. अशा मुलासाठी डॉक्टरांनी ‘टूडी इको’ लिहून दिली की पालक गोंधळतात.

बालसंधिवात म्हणजे काय?

वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे ‘जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’. त्याचे अनेक प्रकार आहेत. बहुतेकांत हृदयाला उघड इजा क्वचितच होते. ‘सिस्टेमिक’ प्रकार अपवाद. त्यात रोज चढउतार होणारा ताप, अंगावर गुलाबी पुरळ आणि सांधेदुखी एकत्र दिसतात. लंडनचे डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये या आजाराचे वर्णन करताना हृदयावरणाचे विकारही नोंदवले होते.

हृदयावर परिणाम कसा होतो?

दाह हृदयाभोवतीच्या आवरणापर्यंत पोहोचला तर तेथे पाणी साचते. छातीत दुखते, आडवे झाल्यावर त्रास वाढतो, धाप लागते. क्वचित हृदयाच्या स्नायूला किंवा झडपांनाही सूज येते.

दुसरा परिणाम मूक असतो. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते आणि सैल होऊन पुन्हा भरते. अहवालातील ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ फक्त ढकलण्याची क्षमता सांगते. ती उत्तम असूनही सैल होण्याची क्रिया किंचित मंदावल्याचे, कोणतीही तक्रार नसलेल्या काही मुलांत आढळले आहे. ‘टिश्यू डॉपलर’ तंत्राने हा बदल टिपता येतो. याचा अर्थ प्रत्येक मूल हृदयरोगी होते असा नाही. दाह लवकर आटोक्यात आणणे महत्त्वाचे, एवढाच.

मग हाच ऱ्हुमॅटिक ताप का?

नाही. ऱ्हुमॅटिक ताप घशातील जिवाणूसंसर्गानंतर २-३ आठवड्यांनी येतो. दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. तो पुन्हा उलटू नये म्हणून दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बालसंधिवातात त्याचा उपयोग नाही. तेथे मेथोट्रेक्सेट किंवा जैविक औषधे लागतात. निदान चुकले तर एकीकडे सांधे जातात, दुसरीकडे झडपा.

पालकांनी काय करावे?

आजाराचा प्रकार कोणता, हे विचारावे. इकोत हृदयाची सैल होण्याची क्रिया मोजली का, हेही विचारावे. छातीत दुखणे, धाप किंवा धडधड जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. बरे वाटते म्हणून स्टेरॉइड अचानक थांबवू नये. खेळ सरसकट बंद करू नये.

यंत्रणेने काय करावे?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे, बालसंधिवात नाही. शाळेत येणाऱ्या त्याच पथकाने ‘सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का?’ हा एक प्रश्न वाढवायला हवा. त्यासाठी ना यंत्र लागते, ना वेगळा निधी.