प्रोड्यूसर पाहावा निवडून!

गाणं तयार झालं आणि सगळ्यात आधी आजीला ऐकवलं. तिने हेडफोन लावून अगदी शेवटपर्यंत ऐकलं, मग हळूच काढून विचारलं, ‘‘ब्येस झालंय. पन म्हनतंय कोन?’’

खल्लास! म्हणत मीच होते आणि ओव्याही तिच्याच होत्या, मुळशीच्या माहेरी जात्यावर म्हटलेल्या. माझा अख्खा बोनस त्या एका ट्रॅकमध्ये गेला होता. आजीचं वय ८४. म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय नाही.

चूक माझीच. स्टुडिओत शिरले आणि दोन मोठे स्क्रीन, चकाचक स्पीकर, निळे दिवे बघून फ्लॅट झाले. त्या प्रोड्यूसरने माझं गाणं ऐकायच्या आधी स्वतःचे बीट्स ऐकवले. मग मला क्लिकवर गायला लावलं, सूर सॉफ्टवेअरने सरळ केले. ओवीत श्वास कुठे घ्यायचा हे जातं ओढणारा हात ठरवतो. तो श्वासच गायब! मी काही म्हटलं, की एकच उत्तर, ‘‘टेन्शन नको घेऊस, मिक्सिंगमध्ये बघू.’’

तर मंडळी, कर्वेनगरात आता सोसायटीच्या बेडरूममध्येही स्टुडिओ असतो. भिंतीला फोम, टेबलावर लॅपटॉप, झालं! मशीन सगळ्यांकडे जवळपास सारखंच. मग निवडायचं कशावरून?

उत्तर १९५५ मध्ये आहे. पुणे आकाशवाणीवर त्या वर्षी रामनवमीला, १ एप्रिलला ‘गीतरामायण’ सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, हे आपल्याला पाठ असतं. पण त्यामागे आकाशवाणीचे सीताकांत लाड होते, हे कितीजणांना माहितीय? पहिल्याच गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला, तेव्हा लाडांनी गदिमांना खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि गाणं पुन्हा लिहून घेतलं, अशी आठवण सांगतात. पुढे वर्षभरात ५६ गाणी झाली. बॉस, याला म्हणतात प्रोड्यूसर! गाणं पूर्ण होईपर्यंत जो तुम्हाला सोडत नाही, तो.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. तीन जणांना भेटले आणि एकच गोष्ट बघितली, की हा पहिला प्रश्न काय विचारतो? एकाने बजेट विचारलं. दुसऱ्याने, ‘‘रील करायचंय का?’’ डहाणूकर कॉलनीतल्या तिसऱ्या दादाने विचारलं, ‘‘आजीच्या आवाजात आहे का काही?’’ मोबाइलवरचं रेकॉर्डिंग त्याने दोनदा ऐकलं. मागे कुकरची शिट्टी होती, तरी! मग म्हणाला, ‘‘आधी मोकळी गा. वाद्यं तुझ्या मागून येतील.’’ मला व्हायोलिनचा ताफा हवा होता. तो चक्क नाही म्हणाला. रागच आला. पण आपल्या पैशांनी आपल्यालाच ‘नाही’ म्हणणारा माणूस मिळणं, ही लॉटरी असते हो!

त्याची जुनी कामंही ऐकली, आणि ती साध्या इयरफोनवर. प्रत्येक गाण्यात गायक वेगळा वाटत होता. सगळी गाणी एकाच साच्यातली वाटली, तर तिथून पळा. शिवाय तिन्ही गाणी एकदम दिली नाहीत. आधी एक, त्याचे पूर्ण पैसे, मग पुढचं.

आणि हो, कागद! गाण्यामागे किती पैसे, वादकांचं मानधन त्यात की वेगळं, मिक्सिंग-मास्टरिंग धरून का, बदल किती वेळा करून मिळणार, प्रत्येक वाद्याच्या सुट्या फाइल्स मिळणार का, नाव कसं लागणार, हे सगळं आधी लिहून घ्या. मैत्रीत तर नक्कीच.

यातली गंमत सांगू? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘प्रोड्यूसर’ म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. नॉब फिरवणारा नव्हे! आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर रेकॉर्डिंगचा पहिला हक्क या व्यक्तीचा. म्हणजे खर्च करणारी, धावपळ करणारी मीच कायद्याच्या भाषेत प्रोड्यूसर ठरू शकते. पण ‘ठरू शकते’वर विसंबू नका, हक्क कोणाचा ही ओळ कागदावर आणा. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, तेही लिहा. आमच्या कागदावर ओव्यांपुढे आजीचं नाव आहे. तिने सही केली आणि वर म्हणाली, ‘‘येवढ्यासाठी कागद?’’

नवीन गाण्यात फक्त माझा आवाज, एक तंबोरा आणि खाली जात्याची घरघर. आजीने हेडफोन लावला. या वेळी तिने काहीच विचारलं नाही. डोळे मिटले, हात गोल फिरायला लागला आणि मी कधीच न ऐकलेली पुढची ओवी ती म्हणाली.

रेकॉर्डिंग अर्थातच चालू नव्हतं! दादाला फोन केलाय. शनिवारी माईक घेऊन तो घरी येतोय.