झोपेचं दुखणं सांगायचं कुणाला?

मैत्रिणींनो, ‘रात्री डोळ्याला डोळा लागत नाही’ आणि ‘पोट ठीक नाही’ ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. पण दवाखान्यात गेल्यावर आपण सांगतो ती गुडघेदुखी. झोपेचं अन् परसाकडचं काय सांगायचं, असं वाटतं ना?

आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढू भागात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन चालतं. तिथल्या पन्नाशीपुढच्या माणसांना विचारलं गेलं, महिनाभरात झोपेचा त्रास किती झाला? आठ देशांतल्या ४० हजारांहून अधिक लोकांना हाच प्रश्न होता. निष्कर्ष २०१२ साली आले. एकंदरीत बायकांचा त्रास पुरुषांपेक्षा जास्त निघाला. बांगलादेशातल्या मतलब भागात तर शंभरात चाळीसहून जास्त बायकांनी मोठा त्रास सांगितला. वढूत मात्र जेमतेम सहा-सात जणींनी.

आपल्या बायका खरंच इतक्या शांत झोपतात? तसं असेल तर आनंदच आहे! पण मला शंका येते. आमच्या कन्हेरीकडे उसाला रात्रीची लाईट असली की घर जागं, पहाटे पुन्हा धारा आहेतच. विचारलं तर बाई म्हणते, “चालायचंच!” हे ‘चालायचंच’ कुठल्या तक्त्यात मोजणार?

झोप आणि आतडं यांचा संबंध आता अभ्यासांतून पुढे येतोय. अमेरिकेत हजारो परिचारिकांची वर्षानुवर्षं माहिती ठेवली गेली. सहा तासांपेक्षा कमी किंवा नऊ तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, जास्त आढळला, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. जागरणानेच तो होतो असं नव्हे. उलट पोटदुखीने, रात्री उठावं लागल्यानेही झोप मोडते. म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र सांगायला हव्यात.

शौचातून रक्त पडलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसू नका. जुलाब आठवडे-आठवडे थांबत नसतील, वजन घटत असेल, रात्री पोटासाठी उठावं लागत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

आणि उद्या कुणी संशोधनासाठी विचारायला आलं, तर संमतीपत्र मराठीत वाचून घ्या, शंका विचारा. नाही म्हणायचा हक्क आपला आहे, त्यामुळे उपचार थांबत नाहीत. हो म्हणालात, तर मात्र खरं ते सांगा. आपण बोललोच नाही, तर आपलं दुखणं कागदावर येणार कसं?