वाढविलेली उंची आणि मैदान

ज्या घरांत वाढतीं मुलें असतात, त्या घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एखादी तरी रेघ सांपडते. टांचा जुळवून मुलगा उभा राहतो, आई डोक्यावर पट्टी धरून खूण करते, आणि मागल्या दिवाळीच्या खुणेहून नवी खूण दोन बोटें वर गेली कीं सर्वांस आनंद होतो. परंतु एखाद्याची रेघ लौकर वर सरकेनाशी होते, वर्गांत त्यास 'बुटक्या' ही हांक रूढ होते, आणि तो मनांतून खचूं लागतो. अशा मुलांच्या कानीं अलीकडे एक वार्ता येऊं लागली आहे कीं, शस्त्रक्रियेनें पायांचीं हाडें लांबवून उंची वाढवितां येते व पुढें पूर्वीसारखें खेळतांही येतें. या वार्तेचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाविषयीं मात्र चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. चिखली, मेहकर, मोताळा या बाजूच्या रस्त्यांवर पहाटे धांवणारीं मुलें पाहावीं; त्यांतील पुष्कळांचे डोळे पोलीस किंवा सैन्यभरतीकडे लागलेले असतात. पोलीस शिपायाच्या भरतींत सामान्यतः पुरुषास १६५ व स्त्रीस १५५ सेंटिमीटर उंची लागते. जो मुलगा १६०० मीटरांची धांव उत्तम काढतो, परंतु मापाच्या पट्टीखालीं दोन सेंटिमीटरांनीं उणा पडतो, त्याचें दुःख खरें आहे. त्यास हंसणें निर्दयपणाचें होईल. तथापि ज्या पायांनीं त्यानें ती धांव काढली, तेच पाय शस्त्राच्या हवालीं करण्यापूर्वीं त्यानें दोन गोष्टी समजून घ्याव्या. पहिली ही कीं, भरतींत वैद्यकीय तपासणीही असते, आणि कापलेल्या हाडाची खूण क्ष-किरणांपुढें सहसा लपत नाहीं. दुसरी गोष्ट त्या शस्त्रक्रियेच्या स्वरूपाची.

या विद्येचे जनक गॅव्ह्रिल इलिझारॉव्ह (१९२१–१९९२) हे सोव्हिएत शल्यवैद्य होत. सैबेरियांतील कुर्गान शहरीं त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, हाड कापून त्याचीं दोन टोकें दररोज एक मिलिमीटर, तेंही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळां, अशा धीम्या गतीनें दूर नेलीं, तर मधल्या फटींत नवें हाड तयार होतें. त्यासाठीं पायाभोवतीं धातूचीं कडीं बसवून हाडांतून आरपार तारा घालीत. हल्लीं हाडाच्या पोकळींत बसविलेली सळईही वापरतात. या हिशेबानें पांच सेंटिमीटर वाढीस पन्नास दिवस लागतात. परंतु तें कोंवळें हाड भार सोसण्याइतकें पक्कें होण्यास दर सेंटिमीटरामागें सुमारें एक महिना, कधीं त्याहूनही अधिक काळ जातो. दरम्यान स्नायु व मज्जातंतु ताणले जातात. पोटरी आंखडते, टांच जमिनीस टेकेनाशी होते, गुडघा पुरता वांकत नाहीं. जखमेंत पू होण्याचें व हाड नीट न जुळण्याचें भय असतें तें निराळेंच.

आतां आपले खेळ पाहा. खो-खोंत बसलेला गडी खो मिळतांच उसळी मारून उठतो. कबड्डींत चढाई करणारा ऐन क्षणीं पाय रोवून मागें वळतो. तें सारें काम याच पोटरीचें, याच घोट्याचें आणि याच गुडघ्याचें! कुबड्या सुटल्या म्हणजे खेळ परत आला असें नव्हे. चालणें प्रथम येतें. धांवणें पुष्कळदां वर्षभरानें येतें. उडी व झटापट त्याहूनही मागाहून. कित्येक जण नेटाच्या व्यायामानें मैदानावर परततात, हें मान्य केलें पाहिजे. परंतु पूर्वीचा वेग व चपळाई परत येईलच, अशी हमी कोणीही प्रामाणिक वैद्य देणार नाहीं.

या बाबतींत व्हॅलेरी ब्रुमेल याचें उदाहरण बोधप्रद आहे. या रशियन खेळाडूनें १९६३ सालीं २.२८ मीटर उंच उडी मारून जागतिक विक्रम केला व १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं मोटारसायकलच्या अपघातांत त्याच्या पायाचा चुराडा झाला. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ झाल्यावर तो कुर्गानला गेला. इलिझारॉव्ह यांनीं त्याचें हाड जुळविलें आणि आंखूड झालेला पाय लांबविला. ब्रुमेल पुनः दोन मीटरांहून उंच उडाला. केवढा हा पराक्रम! तथापि २.२८ मीटरांची उंची त्यास पुनः कधींही गांठतां आली नाहीं.

येथेंच आमच्या म्हणण्याचें सार आहे. ज्याचा पाय अपघातानें, पोलिओनें किंवा जन्मतः आंखूड अथवा वांकडा आहे, त्यास ही विद्या वरदान होय. आपल्या शेजारच्या अकोल्यास डॉ. मिलिंद चौधरी यांनीं याच पद्धतीनें उपचार करून नांव मिळविलें. असा रुग्ण पांच पावलें सरळ चालला तरी त्याचा लाभच आहे. परंतु निरोगी खेळाडूनें केवळ दिसण्यासाठीं हेंच केलें, तर मैदानावर त्यास उत्तमांत उत्तम फळ कोणतें? जेथें काल होता तेथेंच पुनः पोहोंचणें! तेवढ्यासाठीं धनाची, काळाची आणि वेदनेची एवढी किंमत देणें व वर पाय अधू होण्याचें भय पत्करणें, हा सौदा आम्हांस शहाणपणाचा वाटत नाहीं.

पालकांसही एक विनंती आहे. २०१६ सालीं हैदराबादेंत पांच फूट सात इंच उंचीच्या एका तरुण अभियंत्यानें आईबापांस न कळवितां अशी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि शोध करीत आलेल्या आईबापांस तो रुग्णालयांत सांपडला. घरांत जें बोलतां येत नाहीं, तें मूल बाहेर करून येतें. विवाहाच्या जाहिरातींत उंचीची अट घालणारे आपणच, आणि चुलतभावाशेजारीं उभें करून मुलास हिणविणारेही आपणच. तें आधीं थांबवावें. सोळाव्या वर्षीं उंची खुंटली असें समजणेंही घाईचें आहे. पुष्कळ मुलें त्यानंतरही थोडीं वाढतात. आणि ज्यानें अशी शस्त्रक्रिया एकदां करून घेतली आहे, त्याची थट्टा कोणीं करूं नये. त्यास व्यायामांत धीर द्यावा व वैद्यानें परवानगी देईपर्यंत मैदानावर ओढूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, सुनील गावसकर व सचिन तेंडुलकर हे दोघेही सुमारें पांच फूट पांच इंचांचे. जगांतील उंचच उंच गोलंदाजांपुढें ते ताठ उभे राहिले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे लहान चणीचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस ५७ किलो वजनाच्या गटांत कुस्ती खेळले, आणि स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. चौकटीवरची रेघ तुमच्या हातीं नाहीं; पहाटे उठून धांवणें मात्र तुमच्या हातीं आहे. धडधाकट पाय लाभले आहेत, तोंवर त्यांनीं मनसोक्त खेळा.