आधी तीन महिने पाणी पाळा!

‘माय ऑक्टोपस टीचर’ 2020 मध्ये आला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं आणि तेव्हापासून ऑक्टोपस आपल्या पिढीचा लाडका झालाय. बरणीचं झाकण उघडणारा ऑक्टोपस, काचेपलीकडून माणसाकडे टक लावून बघणारा ऑक्टोपस, झोपेत रंग बदलणारा ऑक्टोपस... फीडमध्ये कुठे ना कुठे तो असतोच. मग कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, ‘यार, एक पाळूया का?’

प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. अमेरिकेत हौशी लोक बरीच वर्षं घरी ऑक्टोपस पाळतायत. त्यांचा आवडता म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, डोळ्यांखाली निळे ठिपके असणारा ‘टू-स्पॉट’. त्यामुळे ‘छे, शक्यच नाही’ असं म्हणून मी तुम्हाला उडवून लावणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी टाकी लावा आणि पहिले तीन महिने तिच्यात ऑक्टोपस सोडू नका. नुसतं पाणी पाळा. तीन महिन्यांनंतरही हौस शिल्लक असेल, तर पुढचं बोलू.

तीन महिने कशाला? कारण नवी टाकी दिसायला स्वच्छ असली तरी आतून विषारी असते. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक, नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे जिवाणू दगडांवर, फिल्टरमध्ये वसायला आठवडेच्या आठवडे लागतात, बाटलीतलं औषध ओतून ते रातोरात होत नाही. त्यात ऑक्टोपस खातो भरपूर, वाढतो झपाट्यानं आणि घाणही त्याच प्रमाणात करतो. गोल्डफिशला चालून जाणारं पाणी त्याला चालत नाही. आणखी एक गंमत बघा. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्यावर आधारलेलं हिमोसायनिन असतं. पण त्याच्या पाण्यात तांबं उतरलं, तर तेच त्याचा जीव घेतं. माशांच्या रोगांवरच्या कित्येक औषधांत तांबं असतं, म्हणून आधी मासे ठेवलेली जुनी टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आता थोडं गणित. मध्यम आकाराच्या एका ऑक्टोपसला निदान दोनशे लिटरची टाकी हवी. म्हणजे पाण्याचंच वजन दोनशे किलोच्या वर, शिवाय काच, दगड आणि स्टँड. पीजीमधलं ते डुगडुगणारं स्टडी टेबल विसरा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे पहिल्याच भरणीला सात किलो मीठ लागणार. तेही मीठवाल्याकडचं चालत नाही, मत्स्यालयाचं वेगळं मिळतं ते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, तरी आठवड्याला 700 ग्रॅम. ते कालवायचं आरओच्या पाण्यात. घरचं आरओ मशीन जेवढं पाणी देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं, हे आईला आधीच सांगून ठेवा. कुणी म्हणेल, जुहूहून कॅन भरून आणू. जुहूचं पाणी बघितलंय ना तुम्ही?

शिवाय ‘टू-स्पॉट’ला पाणी लागतं थंड, 18 ते 22 अंशांच्या आसपास. पुण्या-नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हे करायचं तर चिलर चोवीस तास चालू हवा. लाइट गेली की पंप बंद आणि पाण्यातला ऑक्सिजन उतरायला लागतो, म्हणून इन्व्हर्टरही हवा. ‘मग आपल्याकडचा, गरम समुद्रातला ऑक्टोपस आणू’ असं म्हणाल, तर त्यातही मेख आहे. पाणी जितकं कोमट तितका त्यात ऑक्सिजन कमी मुरतो आणि ऑक्टोपसचं आयुष्यही तितकं भराभर सरतं.

समजा, हे सगळं तुम्ही जमवलंत. तरी तो टाकीत राहील याची खात्री नाही. त्याच्या अंगात हाड नाही. टणक काय ती पोपटासारखी चोच. चोच जिथून जाते तिथून सबंध ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातला ‘इंकी’ 2016 मध्ये जगभर गाजला, तो असाच निसटून. टाकीच्या झाकणाला फट राहिली होती. त्यातून तो बाहेर आला, जमिनीवरून सरकत गेला आणि पन्नास मीटर लांबीच्या पाइपमधून थेट समुद्रात. त्याआधी 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या मत्स्यालयात एका ‘टू-स्पॉट’ मादीनं टाकीची नळी ओढून काढली आणि सकाळी कर्मचारी आले तेव्हा जमिनीवर शेकडो लिटर पाणी. ही पगारी माणसं असलेली मत्स्यालयं होती बरं का. तुमच्या टाकीला झाकण आवळून लावावं लागेल, वायरीच्या फटीसुद्धा बुजवाव्या लागतील, पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा लागेल. इंकी पाइपमधून समुद्रात गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला फार तर सोफ्याखाली जाईल आणि तिथेच वाळून मरेल.

खाण्याचं फारसं सांगत नाही. जिवंत चिंबोऱ्या, कोळंबी, शिंपले. सेमिस्टरची परीक्षा असो नाहीतर दिवाळीला गावी जायचं असो, हे कुणीतरी रोज बघायला हवं. सोबतीला मासे ठेवू नका, त्यांचाही नाश्ता होतो. दुसरा ऑक्टोपस तर नकोच.

माझा खरा आक्षेप यापुढचा आहे. पैसे, वीज, मीठ हे सगळं हौसेपुढे जमवता येतं. आयुष्य जमवता येत नाही. ‘टू-स्पॉट’ जगतो जेमतेम दीड वर्ष, फार तर दोन. मादी एकदाच अंडी घालते. मग खाणं सोडते, अंड्यांवर पाणी फुंकत बसते, त्यांना हातांनी साफ करते आणि ती फुटेपर्यंत झिजत जाते. नराचंही वेगळं नाही. समागमानंतर तो खाईनासा होतो, दिशाहीन भटकतो, कातडीवर पांढरे चट्टे येतात. हा आजार नव्हे, त्यामुळे डॉक्टर काही करू शकत नाही. 1977 मध्ये जेरोम वोडिन्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञानं अंडी घातलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागच्या दोन छोट्या ग्रंथी काढून टाकल्या, तर त्या अंडी सोडून पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे मरणाची वेळ त्याच्या शरीरातच लिहिलेली असते. रील बनवणारा हा शेवट सहसा दाखवत नाही.

आता दुकानाचा विचार करा. अमेरिकेत निदान काही वेळा पैदाशीतली पिल्लं मिळतात. आपल्याकडे कुणी ऑक्टोपस आणून दिलाच, तर तो जाळ्यातून किंवा खडकातून पकडलेला असणार. त्याचं वय कुणालाच ठाऊक नसतं. अंगानं मोठा म्हणजे बहुधा म्हातारा. तीन महिने राबून तयार केलेल्या टाकीत तुम्ही कदाचित शेवटचे तीन आठवडे उरलेला प्राणी सोडाल, आणि तो खात नाही म्हणून स्वतःला दोष देत बसाल. त्याची जातही दुकानदाराला सांगता येईलच असं नाही. निळ्या वलयांचे छोटे विषारी ऑक्टोपस भारतीय समुद्रातही आहेत, आणि त्यांच्या विषावर उतारा नाही.

यावर कुणी म्हणेल, समुद्रातही तो दीड वर्षच जगतो, उलट तिथे त्याला मोठे मासे खातात. टाकीत निदान सुरक्षित तर असेल. हा मुद्दा पोकळ नाही. पण ज्याच्या अंगात सुमारे पन्नास कोटी चेतापेशी आहेत, त्यातल्याही बहुतेक हातांमध्ये, त्याचं दीड वर्ष म्हणजे वाट पाहण्याची वेळ नसते. त्या काळात त्याला शिकार शोधायची असते, घर बदलायचं असतं, खडक उलथून बघायचा असतो. ब्रिटननं 2022 च्या कायद्यात ऑक्टोपसला संवेदना असलेला प्राणी मानलं. आपण पाठीचा कणा नाही म्हणून त्याला अजून भाजीच्या रांगेत ठेवतो. चार फुटी काचेत एक बरणी आणि एक प्लास्टिकचं खेळणं टाकलं, की त्याचा दिवस भरला असं मानायला माझं मन तयार नाही. ज्यांनी पैदाशीतली पिल्लं वाढवली, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. वीकेंडला सुचलेल्या हौसेबद्दल नाही.

म्हणून म्हणतो, टाकी लावा. खरंच लावा. रोज अमोनिया मोजा, क्षार मोजा, उडालेलं पाणी भरा, लाइट गेल्यावर रात्री दोनला उठा, आणि आत बघायला दगडांशिवाय काही नाही. तीन महिन्यांत तुम्हाला त्या दगडांवरच्या शेवाळात, इवल्याशा किड्यांत रस वाटायला लागला, तर एखादा क्लाऊनफिश आणा. त्याच्या पैदाशीतली पिल्लं मिळतात आणि तो टाकीत कितीतरी वर्षं सुखानं राहतो.

आणि ऑक्टोपसच बघायचा असेल, तर तो आपल्याकडे फुकट आहे. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत खडकाळ किनाऱ्यांवर, ओहोटीनंतर साचलेल्या डबक्यांत तो सापडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस पकडा, तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं आणि मुंबईकडे मोठी ओहोटी साधारण सकाळी सहा-सातला येते. वेळापत्रक बघून निघा, पकड असलेले बूट घाला. एखाद्या भोकासमोर चिंबोऱ्यांची कवचं आणि शिंपल्यांचा ढीग दिसला, की तिथेच उकिडवे बसा. भोकात हात घालू नका, दगड उलटलाच तर होता तसाच परत ठेवा. तुम्ही दहा मिनिटं हललात नाही, तर आधी एक डोळा वर येतो.