पदविकेनंतरचा उंबरठा

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षे काढून पदविका मिळविलेल्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश घेता येतो. ओढग्रस्तीतील अनेक कुटुंबांतील मुलांना ही वाट मोलाची वाटते. परंतु वाट मोकळी असणे आणि ती सुगम असणे या भिन्न गोष्टी होत. कार्यशाळेत या विद्यार्थ्याचा हात बसलेला असतो. लेथ यंत्रापुढे तो बिचकत नाही. अडते ते गणितात. पदवीच्या पहिल्या वर्षाचे पुष्कळसे गणित त्याने शिकलेलेच नसते, आणि दुसऱ्या वर्षी अनेक शाखांत लाप्लास रूपांतरासारखे विषय समोर उभे ठाकतात. त्यातच प्रवेशप्रक्रिया लांबली, की तो वर्गात पोहोचेपर्यंत शिकवणे बरेच पुढे गेलेले असते. मग अपयशाचा ठपका मात्र त्याच्या कुवतीवर येतो. हा न्याय नव्हे. सत्रारंभी दोन-तीन आठवड्यांचे गणिताचे पूरक वर्ग प्रत्येक महाविद्यालयाने वेळापत्रकातच बसवावेत. ते प्राध्यापकांच्या सवडीवर सोडू नयेत. दार उघडले आहे, तर उंबरठ्यावर हात देण्याची जबाबदारीही विद्यापीठांनी स्वीकारली पाहिजे.