किमान वेतन आणि अमेरिकेतील हिस्पॅनिक मजूर : इतिहासाने दिलेली चार उत्तरे

१/
अमेरिकेत किमान वेतन वाढवण्याचा विषय निघाला की दोन ठाम भाकिते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, या वाढीचा मोठा लाभ हिस्पॅनिक मजुरांना होईल. दुसरा म्हणतो, नोकऱ्याही सर्वांआधी त्यांच्याच जातील. मित्रहो, या दोन्ही भाकितांची परीक्षा गेल्या शतकात वारंवार होऊन गेली आहे. आजचा धागा त्यांतल्या चार परीक्षांविषयी, आणि त्यांवरून माझे जे मत बनले त्याविषयी.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांचे मूळ स्पॅनिशभाषक देशांत आहे त्यांना अमेरिकेत हिस्पॅनिक म्हणतात. मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन असे अनेक समाज त्यात येतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ६.२ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ १९ टक्के भरली. शेतमळे, हॉटेलांची स्वयंपाकघरे, बांधकाम, साफसफाई या कमी मजुरीच्या कामांत त्यांचे प्रमाण याहून बरेच मोठे आहे. म्हणूनच किमान वेतनातल्या प्रत्येक बदलाची झळ किंवा ऊब त्यांना इतरांपेक्षा अधिक जाणवते.

३/
पहिली परीक्षा : सॅन अँटोनियो, टेक्सास, १९३८.
पेकन हे अक्रोडाच्या कुळातले कठीण कवचाचे फळ. ते फोडून गर काढण्याचा मोठा धंदा या शहरात होता. काम करणाऱ्या मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया. आपल्याकडे विडी वळणारीला हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तशी त्यांना सोललेल्या गराच्या पौंडामागे मिळे. आठवडाभर राबून हाती येत दोन ते तीन डॉलर. कोंदट शेडमध्ये फोलपटांची बारीक धूळ भरलेली असे आणि शहरात क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक होते.

४/
एक गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे महत्त्व कळेल. कवच फोडणारी यंत्रे तेव्हा अस्तित्वात होती. तरीही इथला सर्वांत मोठा कारखानदार जूलियस सेलिगमन याने १९२० च्या दशकात यंत्रे बाजूला सारून हातकाम पसंत केले होते. कारण साधे होते : मेक्सिकन स्त्रियांचे हात यंत्रापेक्षा स्वस्त पडत होते.

५/
३१ जानेवारी १९३८ रोजी, आधीच तुटपुंजा असलेला दर आणखी कापला गेल्यावर, सुमारे १२,००० कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या अग्रभागी होती २१ वर्षांची एमा तेनायुका. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकडो संपकऱ्यांना तुरुंगात कोंबले. काही आठवड्यांनी प्रकरण लवादाकडे गेले आणि मजुरी थोडी वाढली. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या इतिहासात या लढ्याचे स्थान फार वरचे आहे.

६/
याच वर्षी २५ जूनला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी न्याय्य श्रम-मानके कायद्यावर स्वाक्षरी केली. ऑक्टोबरपासून ताशी किमान २५ सेंट देणे बंधनकारक झाले आणि आठवड्याचे नियमित तास ४४ ठरले. म्हणजे पूर्ण आठवड्याचे ११ डॉलर. डेट्रॉईटच्या मोटार कामगाराला हा आकडा क्षुल्लक वाटला असेल. सॅन अँटोनियोच्या पेकन सोलणारीसाठी मात्र ही चौपटीच्या आसपासची वाढ होती.

७/
परिणाम काय झाला? कारखानदारांनी शेड बंद केल्या, सवलत मागितली, आणि ती नाकारली गेल्यावर बाजूला सारलेल्या यंत्रांकडे पुन्हा वळले. पुढच्या तीनेक वर्षांत १०,००० हून अधिक सोलणाऱ्यांची जागा यंत्रांनी घेतली. ज्यांची कामे टिकली त्यांना चांगली मजुरी मिळाली. ज्यांची गेली त्यांना ना भरपाई मिळाली, ना दुसरे काम शिकण्याची पुरेशी सोय झाली. किमान वेतनाचे विरोधक हे उदाहरण देतात, आणि ते खरे आहे. त्याकडे डोळेझाक करून समर्थकांचे भले होणार नाही.

८/
दुसरी परीक्षा : पोर्तो रिको.
कॅरिबियन समुद्रातील हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. १९३८ चा तोच २५ सेंटांचा दर तिथेही लागू झाला. तिथे हजारो स्त्रिया घरी बसून रुमाल आणि कपड्यांवर भरतकाम करत, आणि त्यांची ताशी कमाई काही सेंटांत मोजली जाई. हा उद्योग कोलमडू लागला. अखेर १९४० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलला आणि बेटावरील प्रत्येक उद्योगासाठी समिती नेमून वेगवेगळे दर ठरवण्याची सोय केली.

९/
१९७७ च्या दुरुस्तीनंतर बेटाचे दर टप्प्याटप्प्याने मुख्य भूमीच्या बरोबरीला आणले गेले. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथली बेरोजगारी २० टक्क्यांच्या वर गेली. अलिडा कास्टिलो-फ्रीमन आणि रिचर्ड फ्रीमन यांनी १९९२ साली या वाढीमुळे रोजगार लक्षणीय घटल्याचा निष्कर्ष काढला. ॲलन क्रूगर यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून पुरावा तितका भक्कम नसल्याचे दाखवले. मंदी आणि वेतनवाढ एकाच वेळी आल्या की कोणाचा दोष किती, हे वेगळे करणे कठीण जाते.

१०/
तरीही या दोन परीक्षांतून एक समान सूत्र हाती लागते. किमान वेतन स्थानिक मजुरीच्या कितीतरी पट वर ठेवले, तेही एका फटक्यात, तर कामे जातात. पण येथे थांबणारा इतिहास अपुरा ठरतो. कारण त्याच कायद्याच्या दुसऱ्या टोकाला लाखो हिस्पॅनिक मजूर असे होते, की ज्यांना तो लागूच नव्हता.

११/
तिसरी परीक्षा : वगळलेले मजूर.
१९३८ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार बाहेर ठेवले गेले. दक्षिणेतील काँग्रेस सदस्यांच्या मतांशिवाय तो संमत होणे अवघड होते, आणि त्यांना आपल्या मळ्यांवरील कृष्णवर्णीय मजुरांची मजुरी वाढू द्यायची नव्हती, असे अनेक इतिहासकार मानतात. दक्षिणेत या अपवादाचा फटका कृष्णवर्णीयांना बसला. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तो मेक्सिकन मजुरांना बसला.

१२/
विसंगती पाहा. १९४२ साली युद्धकाळातील टंचाईमुळे अमेरिकेने मेक्सिकोशी ब्रासेरो करार केला. १९६४ पर्यंत चाललेल्या या योजनेत सुमारे ४६ लाख कंत्राटे झाली. मेक्सिकन सरकारच्या आग्रहामुळे करारात ताशी ३० सेंटांची हमी होती. म्हणजे परदेशातून आलेल्या मजुराला कागदावर तरी किमान मजुरी होती, आणि शेजारच्याच ओळीत कापूस वेचणाऱ्या अमेरिकी नागरिकाला, मग तो मेक्सिकन वंशाचा का असेना, कोणतीच नव्हती. प्रत्यक्षात ब्रासेरो मजुरांनाही ठरलेले पैसे नेहमी मिळत नसत, हे वेगळेच.

१३/
ब्रासेरो योजना संपली तेव्हा स्थानिक मजुरांचे वेतन वाढेल अशी अपेक्षा होती. मायकेल क्लेमन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार तसे फारसे घडले नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडणीची यंत्रे आणली किंवा पिके बदलली. लक्षात घ्या, इथे किमान वेतनाचा संबंधच नव्हता. मजूर महागला किंवा दुर्मीळ झाला की मालक यंत्राकडे पाहतो. कायदा हे त्याचे एकमेव निमित्त नसते. मजुरी कायम स्वस्त ठेवून यंत्राला रोखता येईल ही आशाही म्हणूनच फोल आहे.

१४/
सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डिलेनो येथे द्राक्षमळ्यांवरील संप सुरू झाला. आरंभ लॅरी इट्लियाँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजुरांनी केला. आठवडाभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मुख्यतः मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. मागणी होती ताशी १.४० डॉलर आणि पेटीमागे २५ सेंट. कायद्याने जे दिले नव्हते ते पाच वर्षांच्या संपाने आणि देशव्यापी द्राक्ष-बहिष्काराने १९७० मध्ये मिळवले.

१५/
चौथी परीक्षा : १९६७.
डिलेनोचा संप चालू असतानाच १९६६ ची दुरुस्ती संमत झाली. फेब्रुवारी १९६७ पासून शाळा, रुग्णालये, हॉटेले, धुलाईकेंद्रे आणि मोठे शेतमळे प्रथमच किमान वेतनाच्या कक्षेत आले. शेतमजुरांचा दर १ डॉलर, तर कारखान्यातील कामगारांचा १.४० डॉलर ठरला. दोन्ही दर सारखे व्हायला १९७८ साल उजाडले. सावत्रपणा होताच, पण दार उघडले.

१६/
या विस्ताराचा परिणाम एलोरा डेरेनॉनकोर्ट आणि क्लेअर मॉन्टियालू यांनी २०२१ साली तपासला. त्या काळात कृष्णवर्णीय आणि श्वेत कामगारांच्या कमाईतील दरी जितकी कमी झाली, त्यातील २० टक्क्यांहून अधिक घट या एका कायद्यामुळे झाली, आणि रोजगारावरचा परिणाम अल्प होता, असा त्यांचा निष्कर्ष. अभ्यास कृष्णवर्णीयांविषयी आहे. पण कक्षेत आलेले उद्योग तेच, जिथे हिस्पॅनिक मजूरही मोठ्या संख्येने राबत. त्यामुळे हा धडा त्यांच्याही उपयोगाचा आहे.

१७/
मग १९३८ मध्ये घात आणि १९६७ मध्ये लाभ, असे का? माझ्या मते कारणे दोन. १९६७ चे दर पायरीपायरीने वाढवले गेले : शेतात १ डॉलर, मग १.१५, मग १.३०. शिवाय तेव्हा अर्थव्यवस्था तेजीत होती आणि रुग्णालयातील सेवा किंवा हॉटेलातील खोल्यांची सफाई कवच फोडण्याइतकी सहज यंत्राच्या हवाली करता येण्याजोगी नव्हती. किमान वेतन चांगले की वाईट, हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. किती, किती वेगाने, कोणत्या कामात आणि कोणत्या गावात, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

१८/
आता वर्तमान. संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थिजले आहे. टेक्सासने त्याहून वरचा दर ठरवलेला नाही, म्हणजे एमा तेनायुकाच्या शहरातही कायदेशीर किमान दर तोच. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये १५ डॉलर गाठले. टिप मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यायची संघराज्यीय किमान रोख मजुरी १९९१ पासून २.१३ डॉलर आहे! एकाच देशात, एकाच प्रकारचे भांडे घासणाऱ्या दोघांच्या कायदेशीर मजुरीत दुपटीहून अधिक अंतर पडते.

१९/
विरोधकांची सर्वांत भक्कम बाजूही मांडतो. २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने १५ डॉलरच्या प्रस्तावाचा अंदाज वर्तवला : सुमारे ९ लाख लोक दारिद्र्यातून वर येतील, पण सुमारे १४ लाख कामे कमी होतील. दुसरीकडे डेव्हिड कार्ड आणि क्रूगर यांनी १९९४ मध्ये न्यू जर्सीच्या फास्टफूड दुकानांत वेतनवाढीनंतर रोजगार घटल्याचे आढळले नाही असे दाखवले होते. त्यावरही प्रतिवाद झाले. माफक वाढीची भीती अतिरंजित आहे आणि बेसुमार वाढीचा धोका खरा आहे, असे मी या साऱ्यातून समजतो.

२०/
एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्ष फार कमी बोलतात. शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्क येथील अल्पवेतन कामगारांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २६ टक्क्यांना आदल्या आठवड्यात किमान वेतनाहूनही कमी पैसे मिळाल्याचे दिसले. स्थलांतरित हिस्पॅनिकांत हे प्रमाण अधिक होते. कागदपत्रे नसलेल्या मजुरालाही केलेल्या कामाचे किमान वेतन देणे कायद्याने बंधनकारक आहे. पण तक्रार केली तर देशाबाहेर काढतील, या भीतीने तो गप्प बसतो. अशा माणसासाठी ७.२५ आणि १५ हे दोन्ही आकडे भिंतीवरच्या फलकापुरतेच उरतात.

२१/
म्हणून माझे मत असे. संघराज्यीय दर वाढवावाच; २००९ चा आकडा आजवर ताणणे हे महागाईच्या आडून केलेले वेतनकपातच आहे. पण वाढ पायऱ्यांनी व्हावी आणि प्रत्येक प्रदेशातील मजुरीच्या पातळीशी तिचे नाते असावे. लहान शेतमळ्यांसारखे उरलेले अपवाद संपवावेत. तक्रार करणाऱ्या स्थलांतरिताला संरक्षण मिळावे आणि तपासनीस वाढवावेत. आणि ज्यांची कामे या वाढीत जातील, त्यांच्यासाठी प्रशिक्षण व आधाराची तरतूद त्याच कायद्यात असावी. १९३८ मध्ये नेमके हे शेवटचे कलम नव्हते.

२२/
सेलिगमनच्या शेडमधील स्त्रियांचा इतिहास दोन्ही पक्ष अर्धाच सांगतात. कायद्याने त्यांची कामे घालवली, हे अर्धसत्य. उरलेले अर्धे असे, की ती कामे त्यांच्या फुफ्फुसांच्या किमतीवर चालली होती आणि यंत्र परवडू नये इतका त्यांचा श्रम स्वस्त ठेवला गेला होता. न्याय्य मजुरी दिल्यावर जो धंदा बदलतो, त्या बदलाचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न. त्या वर्षी तो सर्वांत गरिबांनी सोसला. पुढची वाढ येईल तेव्हा तो कोणाच्या नावावर लिहावा, असे तुम्हाला वाटते? सविस्तर लिहा, मतभेदांचे स्वागत आहे.